उस्मानिया : कुलूप लागलेला दवाखाना

मराठवाड्यात जुन्या माणसांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते, ‘त्याला हैदराबादला नेलं होतं.’ कशाला नेले, असे कुणी विचारत नाही. गावच्या हकिमाने हात टेकले, तालुक्याच्या डॉक्टरने मान हलवली, की उरायचे ते हैदराबाद. आणि हैदराबाद म्हणजे उस्मानिया दवाखाना. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मुंबई-पुण्याची वाट नंतर सापडली. त्याआधी दोन-तीन पिढ्यांचा शेवटचा आधार मुसी नदीच्या काठावरची ती पांढरी घुमटांची इमारत होती.

ती इमारत आज रिकामी आहे. जुलै २०२० मध्ये तिला कुलूप लागले. रुग्णालय बंद पडलेले नाही. त्याच आवारातील इतर इमारतींत ते चालूच आहे, रोज हजारोंची गर्दी तिथे असते. पण ज्या इमारतीमुळे त्याला ‘उस्मानिया’ ही ओळख मिळाली, तिच्या वॉर्डांत आता खाटा नाहीत. गेल्या काही वर्षांत या इमारतीवर बरेच लिहिले गेले. ती पाडावी की राखावी, निजामाची म्हणून गौरवावी की निजामाची म्हणूनच विसरावी, असे दोन तट पडले. मराठीत मात्र तिच्याविषयी फारसे काही वाचायला मिळत नाही. त्या इमारतीत जितका वाटा तेलंगणाचा आहे, तितकाच मराठवाड्याचाही आहे, हे आपणच विसरून गेलो आहोत. म्हणून हा लेख.

इमलीबन ते अफझलगंज

नांदेड, लातूर किंवा उमरग्याकडून एसटीने गेलात तर गाडी हैदराबादच्या महात्मा गांधी बस स्थानकात थांबते. शहरातले लोक त्या जागेला आजही ‘इमलीबन’ म्हणतात. इमली म्हणजे चिंच आणि बन म्हणजे आपल्या मराठीतलेच बन. स्थानक मुसीच्या पात्रातल्या बेटावर आहे. तिथून अफझलगंज चालत जाण्याइतके जवळ. मी तसाच चालत गेलो.

उत्तर काठावर उस्मानियाचे आवार आहे, सुमारे २६ एकरांचे. समोर, नदीच्या दक्षिण काठावर उच्च न्यायालयाची लाल इमारत दिसते. दोन्हींच्या मधून मुसी वाहते. वाहते म्हणणे आज धाडसाचे आहे, कारण बहुतेक दिवस ती सांडपाण्याच्या नाल्यासारखी दिसते. 

जुन्या इमारतीच्या आत जाता येत नाही. बाहेरून फिरत फिरत जेवढे दिसते तेवढे पाहायचे. मधला मोठा घुमट, दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेले पंख, कोपऱ्यांवर छत्र्या, कमानींच्या रांगा. चुन्याचा गिलावा जागोजागी निखळला आहे आणि आतला दगड-विटांचा सांगाडा उघडा पडला आहे. भेगांतून पिंपळ उगवले आहेत. जुन्या इमारतींचा खरा शत्रू हा पिंपळ असतो. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडते, ओल असली की रुजते आणि मुळे जोडणीत शिरली की दगड दगडापासून अलग होत जातात. वर्षातून एकदा गच्चीवर माणूस चढवून रोपटी उपटली तर हा शत्रू कधीच मोठा होत नाही.

आवारात झाडाखाली एक वृद्ध गृहस्थ बसले होते. वॉर्डात काम करून निवृत्त झालेले, आता एका नातेवाइकाच्या औषधपाण्यासाठी आलेले. मी मराठवाड्यातला म्हटल्यावर त्यांनी आधी गाव विचारले, मग कुणाची काय तब्येत बिघडली ते विचारले. कुणी आजारी नाही, इमारत बघायला आलोय, हे त्यांना थोडे नवलाचे वाटले. ‘चाचा, इथून आत कुठे काय होतं?’ असे विचारल्यावर मात्र ते उठले आणि बाहेरूनच बोट दाखवत सांगू लागले. पुरुषांचे वॉर्ड कुठे, सकाळचे ऊन कोणत्या बाजूने खाटांवर यायचे, पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे. मुख्य दारापाशी आल्यावर एवढेच म्हणाले, “मियाँ, ये दरवाजा रात को बी बंद नै होता था.”

दवाखान्याचे दार रात्रीही उघडे असणे, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की तिलाही इतिहास असतो हे लक्षात येत नाही. 

‘दवाखाना’ हा शब्द

मराठीत आजाऱ्याला ठेवण्याच्या जागेसाठी तीन शब्द आहेत. ‘रुग्णालय’ संस्कृतातून घडवलेला आहे, तो पाटीवर लिहिला जातो. ‘इस्पितळ’ पोर्तुगीजांकडून आला. आणि लोकांच्या तोंडात जो आहे तो ‘दवाखाना’. त्यातला ‘दवा’ अरबी आणि ‘खाना’ फारसी. ‘इलाज’, ‘जखम’, ‘आजार’, ‘मलम’, ‘जुलाब’ हे शब्दही त्याच वाटेने आले. दुखण्याखुपण्याच्या वेळी तोंडून निघणारे शब्द कुणी लादून शिकवू शकत नाही. ते शेजारात राहून येतात.

शब्दांबरोबर संस्थाही आली. बगदाद, दमास्कस, कैरो या शहरांत मध्ययुगात ‘बीमारिस्तान’ नावाची मोठी रुग्णालये होती. कैरोचे सुलतान कलावूनचे बीमारिस्तान १२८४ मधले. जमिनी, दुकाने, बाजार यांचे उत्पन्न वक्फ करून त्यांचा खर्च चालवला जाई. दखनमध्ये हीच कल्पना बहमनींच्या काळात दिसते. पंधराव्या शतकात सुलतान अलाउद्दीन अहमदशाहाने बिदरला रुग्णालय काढले, त्याच्या खर्चासाठी उत्पन्न लावून दिले आणि तिथे हिंदू वैद्य व मुस्लिम हकीम दोघेही नेमले, असे फरिश्ता लिहितो. बिदर म्हणजे आमच्या उदगीर-देगलूरच्या शेजारचे गाव. 

हैदराबाद शहर वसले १५९१ मध्ये. शहर वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशाहाने चारमिनारनंतर लगेच, १५९५ च्या सुमारास, ‘दारुलशिफा’ बांधले. शब्दाचा अर्थ आरोग्याचे घर. मध्ये मोठे अंगण, चारही बाजूंना दुमजली खोल्या, रुग्णांवर उपचार आणि त्याच जागी युनानी वैद्यकाचे शिक्षण. सतराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबशाही संपली. कालांतराने रुग्णालयही संपले. आज ‘दारुलशिफा’ हे जुन्या शहरातल्या एका मोहल्ल्याचे नाव आहे. जुन्या वास्तूचे मोडके अवशेष उरलेत, आवारातला आशूरखाना मात्र टिकून आहे. तो टिकला कारण तिथे दरवर्षी मोहर्रम होतो, माणसे येतात, साफसफाई होते. ज्या जागेला येणारी माणसे उरली ती जागा उरली. उस्मानियापासून दारुलशिफा फार दूर नाही. हैदराबादने आपले पहिले मोठे रुग्णालय हरवलेले आहे, हे दुसऱ्याविषयी बोलताना विसरू नये.

अफझलगंजचे जुने हॉस्पिटल

उस्मानियाची आजची इमारत विसाव्या शतकातली असली तरी त्या जागी रुग्णालय त्याआधीपासून होते. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांच्या नावाने वसलेल्या अफझलगंजात, दिवाण सालारजंग यांच्या पुढाकाराने १८६६ मध्ये रुग्णालय सुरू झाले. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, हैदराबादेत पाश्चात्त्य वैद्यकाची शाळा निघाली होती. ब्रिटिश रेसिडेन्सीचे डॉक्टर विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन ती चालवत आणि शिकवण्याची भाषा उर्दू होती. देशी भाषेत शरीररचना शिकवता येते की नाही, यावर आजही परिसंवाद होतात. हैदराबादने ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी करून पाहिले होते.

या रुग्णालयाचे नाव जगभर झाले ते क्लोरोफॉर्ममुळे. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मने भूल देता येते हे दाखवले. शस्त्रक्रियेतल्या किंकाळ्या थांबल्या, पण भुलेतच काही रुग्ण दगावू लागले. ते कशाने दगावतात? हृदय थांबते म्हणून, की श्वास थांबतो म्हणून? लंडनचे डॉक्टर हृदयाकडे बोट दाखवत होते. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी म्हणत होते, श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला काही होत नाही. हा वाद सोडवण्यासाठी १८८८ मध्ये हैदराबादेत पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले. त्याच्या निष्कर्षांवर ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने आपला माणूस पाठवावा असे कळवले. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन लंडनहून आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या कमिशनने लॉरींचेच म्हणणे उचलून धरले. 

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्म हृदयाचे ठोके थेट बिघडवू शकते. म्हणजे हैदराबादचा निष्कर्ष अपुरा होता. तरीही भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासावरून नजर हटवू नका, ही शिस्त त्या वादातून पक्की झाली. विज्ञान असेच पुढे जाते. चुकीच्या उत्तरातूनही काही कामाचे हाती लागते, फक्त प्रश्न प्रामाणिकपणे विचारलेला असावा लागतो.

याच वातावरणात रूपाबाई फर्दूनजी घडल्या. १८८५ मध्ये हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकायला आलेल्या पहिल्या मुलींपैकी त्या एक. पारशी कुटुंबातल्या. शिक्षण संपवून त्या हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम करू लागल्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. या विषयाला लागणारे भौतिक आणि रसायनशास्त्र शिकण्यासाठी त्या पुढे एडिंबरोलाही जाऊन आल्या. निजामाचे राज्य, इंग्रज सर्जन, पारशी भूलतज्ज्ञ आणि खाटेवर तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू बोलणारा रुग्ण. हैदराबाद म्हणजे काय होते, हे एका ऑपरेशन टेबलाभोवती दिसत होते.

२८ सप्टेंबर १९०८

मग महापूर आला. २७ सप्टेंबर १९०८ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि २८ तारखेला मुसी शहरात घुसली. वरच्या अंगाचे तलाव एकामागून एक फुटले, त्यांचे पाणीही त्यात मिळाले. सुमारे १५ हजार माणसे गेली, असा अंदाज सांगितला जातो. अफझलगंजचे जुने हॉस्पिटल नदीच्या तोंडावरच होते. त्याची वाताहत झाली.

रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक मोठे झाड होते. पळता आले ते त्यावर चढले. सुमारे दीडशे माणसांनी त्या फांद्यांवर जीव वाचवला, असे शहर सांगते. ते झाड अजून आहे. दरवर्षी २८ सप्टेंबरला काही नागरिक त्याच्याखाली जमतात आणि बुडालेल्यांची आठवण काढतात. हजारो माणसे वाहून नेणाऱ्या नदीच्या काठावर स्मारक म्हणून एक झाड उरावे आणि तेही दवाखान्याच्या अंगणात उरावे, यात मला फार मोठा अर्थ शोधायचा नाही. त्या रात्री झाडावर कोण कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा होता, हे मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही. त्याची तेव्हा गरज पडली नव्हती.

पुरानंतर निजामाने वाड्यांचे दरवाजे उघडले, अन्नछत्रे लावली. ज्योतिषांच्या सांगण्यावरून त्याने नदीची पूजा केली, अशी लोककथाही आहे. पण पूजेवर न थांबता सरकारने अभियंता बोलावला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, धुळे, पुण्यात राबलेले, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे नावारूपाला आलेले. १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. त्यांनी सांगितले, पूर शहरात अडवता येणार नाही, तो शहराच्या वर अडवावा लागेल. त्यातून मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर हे दोन जलाशय झाले. उस्मानसागर १९२० मध्ये, हिमायतसागर १९२७ मध्ये. पूरही आवरला, शहराला पिण्याचे पाणीही मिळाले.

नदीच्या दोन काठांवर

१९११ मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आले. पुढच्याच वर्षी शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. पुराने मोकळ्या केलेल्या काठांवर आता मोठ्या सार्वजनिक इमारती उभ्या राहू लागल्या. यातल्या प्रमुख इमारती कलकत्त्यात काम केलेले वास्तुकार व्हिन्सेंट एश यांच्या देखरेखीखाली झाल्या. काचीगुडा स्टेशन, दक्षिण काठावर उच्च न्यायालय, त्याच्या बाजूला सिटी हायस्कूल आणि उत्तर काठावर उस्मानिया रुग्णालय. उच्च न्यायालयाचा आराखडा जयपूरच्या शंकरलाल यांचा आणि तो प्रत्यक्षात आणणारे स्थानिक अभियंते मेहेर अली फाजिल. १९२० मध्ये ते सुरू झाले. १९२५ च्या सुमारास रुग्णालयाची इमारत पुरी झाली.

शैली ‘इंडो-सारासेनिक’ म्हणून ओळखली जाते. मुघल, कुतुबशाही आणि राजपूत घाट, आणि आतली सोय युरोपीय पद्धतीची. अँटिबायोटिक्स अजून यायची होती. जंतू मारणारे औषध हाताशी नसताना हवा आणि ऊन हेच रुग्णालयाचे मोठे शस्त्र होते. म्हणून उंच छत, समोरासमोर खिडक्या, लांब व्हरांडे. ज्याला आपण आज सौंदर्य म्हणतो ते मुळात आरोग्यशास्त्र होते. चाचांनी सकाळच्या उन्हाची बाजू का सांगितली, ते इथे कळते.

याच काळात उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. १९१७ चा फर्मान, १९१८ ला स्थापना, माध्यम उर्दू. ‘दारुल तर्जुमा’ नावाच्या भाषांतर विभागात शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणली गेली. १९२० च्या दशकात वैद्यकीय महाविद्यालयही विद्यापीठाला जोडले गेले आणि रुग्णालय त्याचे शिक्षणाचे ठिकाण झाले.

कुणाच्या पैशाने?

इथे थांबून एक अवघड गोष्ट बोलायला हवी. मराठवाड्यात निजामाचे नाव घेतले की दोन गोष्टी कानावर येतात. एक म्हणजे जुलूम, दुसरी म्हणजे वैभव. एक गट रझाकारांची आठवण काढतो, दुसरा विद्यापीठ, धरणे आणि दवाखाने मोजून दाखवतो. दोघेही खरे बोलतात, पण अर्धे.

उर्दूत विज्ञान शिकवणारे राज्य मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत वरचे शिक्षण देत नव्हते. १९३८ मध्ये औरंगाबादच्या कॉलेजातून वंदे मातरम् चळवळ सुरू झाली आणि उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचली, त्यामागे हा साचलेला रोषही होता. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. रझाकारांनी गावे जाळली, हेही खरे. आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा असंख्य मुस्लिम कुटुंबांनी जे भोगले, ते पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवले, पण तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही, हेही तितकेच खरे.

मग या इमारतीचे काय करायचे? तिचा अभिमान बाळगायचा की तिटकारा करायचा? माझे उत्तर असे की आधी प्रश्नच बदलावा. ही इमारत निजामाने ‘दिली’, असे आपण म्हणतो. पण निजामाने ती खिशातून काढून दिली नव्हती. सरकारी खजिन्यात पैसा येत होता शेतसाऱ्यातून. परभणीच्या काळ्या रानातला कापूस, लातूर-उस्मानाबादची ज्वारी, वरंगळचा भात, रायचूरचे भुईमूग. हाली सिक्क्याचे रुपये मोजून आमच्या आणि तुमच्या पणजोबांनी सारा भरला, तेव्हा ते घुमट उभे राहिले. चुना मळणारे, दगड घडणारे, पाटी वाहणाऱ्या बाया यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नसतात. नाव उस्मानिया आहे, पण मालकी रयतेची आहे. 

हे मान्य केले की निजामाच्या भक्तांचीही पंचाईत होते आणि विरोधकांचीही. राजाचे उपकार म्हणून तिच्यापुढे वाकायला नको आणि राजावरचा राग तिच्यावर काढायलाही नको. आपल्याच पैशाने बांधलेले घर आपण का पडू द्यावे, एवढाच प्रश्न उरतो.

इमारत ओस कशी पडते

१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या रुग्णालयाला लोक ‘घाटी’ म्हणू लागले. हळूहळू ‘हैदराबादला नेलं’ची जागा ‘घाटीत नेलं’ने घेतली. उस्मानियावर मात्र भार वाढतच गेला. शहर वाढले, रुग्ण वाढले, इमारत तेवढीच राहिली.

इमारत एका दिवसात ओस पडत नाही. आधी गच्चीवरचा एक कोपरा गळतो. तो वॉर्ड जरा आत सरकवला जातो. मग भिंतीला ओल येते, गिलावा पडतो, तिथे कुणी बसू नये म्हणून दोरी बांधली जाते. मग एक मजला बंद होतो. दरवेळी निर्णय लहान असतो आणि त्या वेळी शहाणपणाचाच वाटतो. शेवटी कुणीतरी येऊन सांगते की इमारत धोकादायक आहे, आणि ते खरेही असते.

२०१५ मध्ये तेलंगणा सरकारने जुनी इमारत पाडून तिथे बहुमजली रुग्णालय बांधण्याची घोषणा केली. वारसाप्रेमी, इतिहासाचे अभ्यासक, अनेक डॉक्टर विरोधात उभे राहिले. प्रकरण न्यायालयात गेले, तज्ज्ञांच्या समित्या झाल्या. इमारत पाडली गेली नाही आणि पुरती दुरुस्तही झाली नाही. मग जुलै २०२० उजाडला. कोविडची साथ ऐन भरात होती. मुसळधार पावसात गटाराचे पाणी जुन्या इमारतीच्या वॉर्डांत शिरले. पाण्यात उभ्या खाटा आणि त्यांवर पाय वर घेऊन बसलेले रुग्ण, ही दृश्ये देशाने पाहिली. त्याच महिन्यात इमारत रिकामी करण्याचा आदेश निघाला आणि दारांना कुलपे लागली. 

३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहल भागात नव्या उस्मानिया रुग्णालयाची पायाभरणी झाली. दोन हजार खाटांचे रुग्णालय होणार आहे. 

आता नदीपलीकडे पाहा. उच्च न्यायालय. तोच वास्तुकार, तीच नदी, तोच काळ. २००९ मध्ये त्या इमारतीला मोठी आग लागली, काही दालने आणि ग्रंथालय जळाले. कुणी म्हणाले नाही की आता ही पाडून टाकू. दुरुस्ती झाली, कामकाज चालू राहिले. न्यायालयालाही जागा अपुरी पडतेय, मार्च २०२४ मध्ये राजेंद्रनगरला नव्या इमारतीची पायाभरणी झाली. पण नवी होईपर्यंत जुनी वापरात आहे. म्हणजे शंभर वर्षांची इमारत टिकवण्याचे तंत्र या शहरापाशी आहे, पैसाही आहे. एका काठावर न्यायाधीश आणि वकील येतात, दुसऱ्या काठावर केसपेपर हातात धरलेली गरीब माणसे येतात. दोन इमारतींच्या आजच्या अवस्थेतले अंतर मला तरी याच फरकातून समजते.

पुण्याचे ससून घ्या. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभी राहिलेली घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत उस्मानियाच्या इमारतीपेक्षा अर्धशतकाने जुनी आहे, आणि ती अजून उभी आहे. दगड-चुन्याची इमारत म्हातारी झाली म्हणून पडत नाही.

रुग्ण आणि वारसा

वारशाची बाजू मांडणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मानली पाहिजे. १९२५ च्या वॉर्डात आजचा अतिदक्षता विभाग बसत नाही. ऑक्सिजनच्या वाहिन्या, एमआरआयचे वजन, निर्जंतुक शस्त्रक्रियागृह, लिफ्ट, आगीपासून संरक्षण, हे सारे त्या भिंतींत कोंबणे रुग्णाच्याही हिताचे नाही आणि भिंतींच्याही. घुमट छान दिसतो म्हणून कुणी गळक्या छताखाली झोपावे, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. नवे रुग्णालय हवेच होते, आणि ते आधीच व्हायला हवे होते.

पण ‘रुग्ण की वारसा’ असा प्रश्न टाकणे ही फसवणूक आहे. कुलूप लावून पाच वर्षांत रुग्णालाही काही मिळाले नाही आणि वारशालाही. दोघांचे नुकसान एकाच गोष्टीने केले, निर्णय न घेण्याने. बंद इमारत रोज थोडी थोडी पडत असते. न पाडताही ती पाडता येते, फक्त वेळ द्यावा लागतो.

दुरुस्तीनंतर त्या इमारतीचे काय करावे, यावर अनेक सूचना आहेत. वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय व्हावे, तिथे क्लोरोफॉर्म कमिशन आणि रूपाबाई फर्दूनजी यांची कहाणी शाळेच्या मुलांना दिसावी, हे मलाही आवडेल. पण माझी पहिली पसंती वेगळी आहे. आपल्याकडे कोणत्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात रात्री जाऊन पाहा. रुग्णाला खाट मिळते, पण त्याच्यासोबत आलेली आई, बायको, भाऊ व्हरांड्यात, पायऱ्यांवर, झाडाखाली झोपलेले असतात. उशाला भाकरीचे फडके, पायाशी पाण्याची बाटली. हैदराबादला नेलेल्या आमच्या माणसांसोबत गेलेलेही असेच झोपले असतील. नवे रुग्णालय रुग्णांसाठी बांधले जाईल. जुन्या इमारतीचा एक पंख तरी या सोबत्यांसाठी दुरुस्त करावा. झोपायला ओटा, अंघोळीला पाणी, स्वयंपाकाला चूल आणि स्त्रियांसाठी वेगळे दालन. दखनच्या जुन्या सरायांत प्रवाशाला जेवढी सोय होती, तेवढी तरी करावी. त्याला एमआरआयचे वजन पेलणारे मजले लागत नाहीत. उंच छत, वाहती हवा आणि सकाळचे ऊन पुरते, आणि ते तिथे शंभर वर्षांपासून आहे.

आशूरखाना टिकला कारण माणसे येत राहिली. उस्मानियाची जुनी इमारतही टिकेल, तर ती भाषणांनी आणि वारसा-दिनांनी टिकणार नाही. तिच्या दारातून पुन्हा गरजू माणसे आत गेली, तरच गच्चीवर पिंपळ उपटायला कुणीतरी चढेल.